उघड्या हाताचा सॉस

४ मार्च

ताई,

मायन्यात काय लिहावं याचा विचार करता करता चहा गार झाला, म्हणून मायना सोडूनच देते. फोन करणार होते. पण गेल्या वेळी माझा आवाज ऐकून तुम्ही फोन ठेवलात, आणि परवा तुमच्या मुलाने "आई घरी नाही" असं सांगितलं तेव्हा मागून "नाही म्हणून सांग" म्हणणारा आवाज तुमचाच होता. म्हणून पत्र. पत्र फाडता तरी येतं, तुमची तेवढी सोय.

बाबा जेवत नाहीत. झटका आल्यापासून उजवा हात-पाय गेला, जीभ जड झाली, ते तुम्हाला माहीत आहे. आता ओठ मिटून घेतात. मऊ भात, सूप, कुस्करलेली फळं, सगळं करून झालं. चमचा जवळ नेला की भिंतीकडे बघतात. वजन झरझर उतरतंय. डॉक्टर म्हणाले, महिनाअखेरीपर्यंत खायला लागले नाहीत तर नाकातून नळी घालावी लागेल. हे ऐकून त्यांनी माझी बाही जी धरली ती घरी येईपर्यंत सोडली नाही.

काल काहीतरी बोलायचं म्हणून मी त्यांच्या हॉटेलाचा विषय काढला. तिथे ते सॉसच्या विभागाचे मुख्य होते, तेव्हाच्या पदार्थांची नावं मी आठवतील तशी घेत होते. "हॉलंडेज" म्हटलं आणि त्यांनी डावा हात उचलून हवेत गोल गोल फिरवला, फेटल्यासारखा. मग माझ्याकडे बघत बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी काहीतरी मागितलं.

तो सॉस तुम्हाला येतो असं सगळे म्हणतात, सगळ्यात जास्त तुम्हीच म्हणता. अंडी आणि बटर लागतं एवढंच मला ठाऊक. तुमच्या भावाला विचारलं असतं, पण त्यांना चहापलीकडे काही येत नव्हतं, आणि आता ते नाहीत. कृती लिहून पाठवा. तुमच्यापुढे हात पसरताना मला काय वाटतंय ते लिहीत बसत नाही.

— वहिनी


१० मार्च

वहिनी,

पत्र फाडलं नाही. वाचलं, राग आला, पुन्हा वाचलं. पोरांच्या वह्या तपासून तपासून अशी सवय झालीय की चुका काढल्याशिवाय कागद हातातून सुटत नाही. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी चूक म्हणजे "बाबा". ते माझे बाबा. तुमचे मामंजी. भाऊ होता तोवर तुम्ही त्यांना मामंजीच म्हणत होतात. तो गेल्यावर एकदम बाबा कसे झाले? आणि भावाचा विषय तुम्हीच काढलात म्हणून सांगते, तो शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात होता हे मला तुमच्या शेजारणीकडून कळावं लागलं. हे मी विसरलेले नाही.

आता सॉस. तुमच्यासाठी नाही, बाबांसाठी लिहिते. नीट वाचा, मी दोनदा सांगत नाही.

पातेल्यात दोन बोटं पाणी उकळा आणि आच कमी करा. पाणी नुसतं हललं पाहिजे, उड्या मारता कामा नये. वर स्टीलचं वाडगं बसवा, त्याचं बूड पाण्याला लागू देऊ नका. वाडग्यात तीन अंड्यांचा पिवळा बलक, चमचाभर पाणी, थोडं लिंबू. वाडगं डाव्या हाताने फडक्यात घट्ट धरायचं आणि उजव्या हाताने तारेच्या व्हिस्कने फेटत राहायचं, बलक दाट आणि फिकट होईपर्यंत. मग वितळवलेलं कोमट बटर, आधी थेंबथेंब, नंतर बारीक धार. घाई केलीत की फाटला. शेवटी मीठ.

आई गेल्यानंतर शाळा सुटली की मी हॉटेलच्या मागच्या दाराने आत जायची. बाबा मला सोड्याच्या बाटल्यांच्या उलट्या क्रेटवर उभं करायचे, फडक्याची घडी स्वतः घालून हातात द्यायचे आणि शेजारी उभे राहायचे. माझा सॉस एकदाही फाटला नाही. बाकीचे आचारी हातातलं काम टाकून बघायला यायचे. त्यांनी हे दुसऱ्या कोणाला शिकवलेलं नाही, भावालाही नाही.

आणि तयारीत राहा. महिनाअखेरीला मी त्यांना माझ्याकडे घेऊन जाणार आहे. रक्ताचं माणूस समोर असलं की घास आपोआप उतरतो. तुमच्याकडे तो का उतरत नाही, याचा विचार तुम्ही करा.

— त्यांची मुलगी


१५ मार्च

ताई,

कृतीबद्दल आभार मानणार होते. मग सॉस केला.

पहिल्या दिवशी बलकाचे गोळे झाले. दुसऱ्या दिवशी बटर वर तरंगलं आणि खाली पिवळा चोथा बसला. तिसऱ्यांदा धार इतकी बारीक सोडली की हाताला मुंग्या आल्या, तरी फाटायचा तो फाटलाच. वाडगं फडक्यात असं घट्ट धरलं होतं, जणू कोणी हिसकावून नेणार आहे. त्यातला बरा भाग वाटीत घालून बाबांपुढे नेला. त्यांनी वास घेतला, आत पाहिलं, आणि तोंड भिंतीकडे. भाताकडे तरी थोडा वेळ बघायचे.

मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांना विचारत असते, आता नीट दिसतंय का. तुमचं पत्र मी तसंच जवळ धरून, लांब धरून वाचलं. तुम्ही काहीतरी गाळलंय.

आता "बाबा". तुमचे भाऊ गेले त्यानंतर मी कामावर जायला लागले तेव्हा मामंजी रोज संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसायचे, मी परत येईपर्यंत. उशीर झाला तर रागवायचे. ऊन असो, थंडी असो. माझ्या जन्मदात्याने माझी अशी वाट कधी पाहिली नाही. तेव्हा एकदा तोंडून बाबा निघून गेलं, त्यांनी ओ दिली, आणि तेच राहिलं. तुमची परवानगी घ्यायची राहून गेली.

आणि दवाखान्याचं म्हणाल तर तुम्हाला कळवू नकोस असं तुमच्या भावानेच मला बजावलं होतं. तुमच्या मुलाची परीक्षा चालू होती. मी त्यांचा शब्द पाळला आणि बोलणी आजवर मी खातेय.

त्यांना नेऊ नका. या घरात ते आणि मी एवढेच उरलो आहोत. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

— वहिनी


१९ मार्च

वहिनी,

गेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपवता येतं. तो उठून खोटं म्हणायला येत नाही.

मी काही गाळलं? वीस वर्षं पोरांना शिकवतेय. गणित चुकलं की पोरगं पहिल्यांदा हेच म्हणतं, बाई, तुम्ही सांगितलंच नव्हतं. मी हा सॉस दर रविवारी करते. माझी मुलं वाटी पुसून खातात. कृतीत काही खोट नाही, हातात आहे. तुमच्यासारख्या तडतड्या माणसाच्या हाती बलक टिकायचा कसा?

२९ तारखेला गाडी घेऊन येते. कपडे पिशवीत भरून ठेवा, औषधं वरच्या कप्प्यात. तुम्ही एकट्या पडाल हे मला कळतं. पण तुमच्या एकटेपणावर औषध म्हणून माझा बाप वापरू नका.

— त्यांची मुलगी


२४ मार्च

ताई,

तुमचं ते शेवटचं वाक्य वाचलं आणि दातओठ खात पुन्हा वाडगं गॅसवर ठेवलं. दुकानाला सुट्टी होती. बाबांच्या खोलीची फरशी पुसलेली होती, ती वाळेपर्यंत त्यांची चाकांची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात आणून ठेवली होती. त्यांना दाखवायचं वगैरे माझ्या मनातही नव्हतं.

बलक घातला, फडकं घेतलं, वाडगं धरलं. तेवढ्यात मागून जो आवाज आला तो झटक्यानंतर मी ऐकलाच नव्हता. हाताखालच्या माणसावर खेकसतात तसा. शब्द कळला नाही, अर्थ बरोबर कळला. डाव्या पायाने जमीन रेटत त्यांनी खुर्ची आत आणली, माझ्या हातातलं फडकं ओढलं आणि खाली टाकलं. मग माझं मनगट धरून उघडा तळवा वाडग्याला चिकटवला.

मी ओरडले. सोडेनात. "थांब," म्हणाले. जड, पण थांबच. हात अगदी सोसेना तेव्हा त्यांनी वाडगं वाफेवरून उचलायला लावलं. जरा निवलं की परत ठेवायला लावलं. पुन्हा उचल, पुन्हा ठेव. माझा हात अलीकडून, त्यांचा डावा पलीकडून, आणि मी उजव्या हाताने फेटतेय. मग डोक्यात प्रकाश पडला. हाताला सोसतं तेवढंच अंड्याला सोसतं. हात पोळला की अंडंही पोळतंय. फडकं धरलं की हाताला काही कळतच नाही, आणि कळेपर्यंत बलक शिजून गेलेला असतो.

मधे ते मला बऱ्याच शिव्या देत असावेत. जीभ जड आहे म्हणून मी वाचले.

सॉस जमला. चमच्याला धरून राहणारा, गुळगुळीत, पिवळा. उकडलेला बटाटा कुस्करून त्यावर घातला आणि बाबांनी स्वतः चमचा घेतला. डाव्या हाताने, अर्धं शर्टावर सांडत, पण खाल्लं. ठसका लागला नाही. शेवटी वाटी खरवडली. त्यानंतर रोज खातात. काल डॉक्टरांनी नळीचा विषय काढला नाही.

माझ्या तळव्याला टपोरा फोड आलाय. गिऱ्हाइकाच्या कानावर चष्मा बसवताना दुखतो. त्यावर फुंकर घालावी असं त्यांच्या मनातही आलं नाही.

आता तुमचं. "फडक्यात घट्ट धरायचं." घट्ट, म्हणे. सॉस ज्याच्याने हमखास फाटेल तेच नेमकं तुम्ही लिहून पाठवलंत. माझी फजिती व्हावी, बाबांनी माझ्या हातचं खाऊ नये आणि तुम्ही त्यांना मिरवत घेऊन जावं. माझ्याशी वैर आहे ते समजतं. पण त्या माणसाच्या पोटाशी? इतक्या खोटारड्या असाल असं वाटलं नव्हतं.

२९ला या किंवा येऊ नका. ते कुठेही जाणार नाहीत.

— वहिनी


२७ मार्च

वहिनी,

फडकं मला बाबांनी दिलं. त्यांच्या हाताने, घडी घालून. मला आजवर पुष्कळ लोकांनी पुष्कळ काही म्हटलंय, खोटारडी कोणी म्हटलेलं नाही.

२९ला येतेय. तुमच्या गॅसवर, तुमच्या वाडग्यात, फडकं धरून सॉस करून दाखवते. तुम्हीही करा. दोन्ही वाट्या बाबांपुढे ठेवू. जिच्या वाटीतलं खातील, तिच्याकडे राहतील. कबूल असेल तर उत्तर पाठवू नका.

— त्यांची मुलगी


२ एप्रिल

ताई,

त्या दिवशी तुम्ही चहासुद्धा न घेता निघालात. निघालात कसल्या, पळालात. तुमचा एप्रन इथे राहिलाय. बाबाही इथेच राहिले आहेत, म्हणून लिहावं लागतंय.

तुम्ही वाडग्यात बघत होतात आणि मी बाबांकडे, तेव्हा तुम्हाला न दिसलेलं सांगते. माझी वाटी आधी तयार होती. तुम्ही एप्रन बांधलात, फडक्याची घडी घातलीत आणि फेटायला लागलात. तुमचं मनगट माझ्यापेक्षा चांगलं चालतं, हे मी कबूल करते. थोड्या वेळाने वाडग्याच्या कडेला बारीक कण दिसायला लागले. फाटायची सुरुवात. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, चांगला झाला.

बाबांनाही ते कण दिसले. त्यांनी खुर्ची पुढे रेटली आणि डावा हात पलीकडून वाडग्याला लावला. तुम्ही वर पाहिलंसुद्धा नाहीत. नुसतं कोपर थोडं आवरून घेतलंत, नेहमीच्या माणसाला जागा करून देतात तसं. त्यांनी वाडगं वर लोटलं, तुम्ही उचललंत. त्यांनी खाली दाबलं, तुम्ही ठेवलंत. कण विरघळले आणि सॉस असा आला की मी माझी वाटी मागे सरकवली.

मग तुमची नजर त्यांच्या हातावर गेली. तुम्ही बराच वेळ तो बघत राहिलात. त्याच वेळी माझ्याही लक्षात आलं. क्रेटवर उभ्या होतात तेव्हाही तो हात तिथेच असणार. तुम्हाला वाटायचं ते नुसते शेजारी उभे आहेत. त्या स्वयंपाकघरात तुम्ही लिंबूटिंबू होतात ताई, तुमचा डाव जाणारच नव्हता. तुम्ही खोटं लिहिलेलं नव्हतं, तुम्हाला माहीतच नव्हतं. खोटारडी म्हणाले ते मागे घेते. बाकी काही मागे घेत नाही.

पुढचं तुम्हालाही आठवत असेल. तुम्ही फडकं टाकलंत आणि उघडा तळवा वाडग्याला लावायला गेलात. त्यांनी तुमच्या हातावर फटका मारला. "भाजेल," म्हणाले. झटक्यानंतर त्यांच्या तोंडून इतका स्वच्छ शब्द आला नव्हता. तुम्ही पर्स उचललीत आणि जिना उतरलात.

माझा तळवा त्यांनी दाबून धरला होता. तुमचा झटकला. त्या दिवसापासून माझं डोकं दुसरीकडे जातच नाही. सून भाजली तरी चालते, लेकीला आच लागायला नको. दारात खुर्ची टाकून बसणारा माणूस तो हाच का, असं मला वाटून गेलं. फोड बरा झालाय, ते काही बरं होत नाही.

तुम्ही गेल्यावर मी दोन्ही वाट्या पुढे ठेवल्या. त्यांनी माझ्या वाटीत बोट बुडवून चव घेतली, मीठ कमी असल्याची खूण केली आणि वाटी बाजूला सारली. तुमची संपवली. सगळी, खरवडून.

तेव्हा जिंकलात. मी शब्दाची पक्की आहे. पिशवी भरून दाराशी ठेवलीय, औषधं वरच्या कप्प्यात. कधी नेताय ते कळवा. त्या दिवशी मी दुकानात जाईन, मला ते बघवणार नाही. किल्ली शेजारणीकडे असेल, तिच्याशी तुमचं चांगलं जमतं.

— वहिनी


९ एप्रिल

वहिनी,

पिशवी रिकामी करा.

दर रविवारी सॉस करते असं मी लिहिलं होतं. करते. दर रविवारी तो फाटतो. मी चाळणीतून गाळून घेते, वर जास्तीचं लिंबू पिळते, आणि मुलं माझ्या तोंडाकडे बघून निमूट खातात. मला वाटायचं इथलं बटर वेगळं, इथली अंडी वेगळी. गॅससुद्धा बदलून पाहिला. बाबांना विचारायला लाज वाटायची, कारण ते लोकांना सांगायचे, माझ्या लेकीचा सॉस कधी फाटत नाही. सांगताना त्यांना इतका आनंद व्हायचा.

जिन्यावरून मी पळाले ते तुम्हाला घाबरून नाही. गाडीत बसून रडले आणि ड्रायव्हरला सांगितलं, कांदा चिरून आलेय.

मी जिंकले असं तुम्ही म्हणताय, तेवढ्यावर त्यांना नेणार नाही. मला ते इथे हवे होते, अजूनही हवे आहेत. पण माझ्याकडे आले की ते पुन्हा माझ्या वाडग्याला हात लावून बसतील, आणि मी दोन मुलांची आई असूनही पुन्हा क्रेटवर. तुमच्या स्वयंपाकघरात ते खेकसतात. खेकसणारा माणूस दुपारी भूक लागली म्हणतो. नुसता हात धरून बसलेला म्हणत नाही. वह्या तपासत असले तरी एवढं मलाही कळतं.

त्यांनी माझा हात वाचवला म्हणून तुम्ही जळताय. त्यांनी तुम्हाला शिकवलं म्हणून मी जळतेय. बसा आता.

राग गेला असं समजू नका. परीक्षेचं कारण खरं असेलही, भाऊ तसाच होता. तरी तुम्ही त्याचा शब्द मोडायला हवा होता, आणि हे मी मरेपर्यंत म्हणणार.

सुट्टी लागली की मी येणार आहे. तोवर बाबांच्या सॉसमध्ये मीठ नीट घालत जा. ते दुपारी झोपतात ना? ते झोपले की स्वयंपाकघराचं दार लावून घेऊ आणि तुम्ही मला सॉस शिकवा. ते जागे असतील तर मला वाडग्याला हात लावू देणार नाहीत. तुम्ही लावू द्याल, याची मला खात्री आहे. हात मागे घ्यायला लागले तर मनगट धरून ठेवा. मी ओरडले तरी सोडू नका. तुम्हाला तशीही मजाच येईल.

— तुमची नणंद